आजार विचारू नका, गोळ्यांची पिशवी मागा



आरोग्य विम्यावरच्या आपल्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा: "मॅडम, माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बाजूला हेल्थ इन्शुरन्स सुरू करतोय. कमिशन किती सुटतं?" कुणी उल्हासनगर कॅम्प ४ मधून विचारतं, कुणी बदलापूरच्या कात्रपमधून. प्रश्न अगदी रास्त आहे. दुकानाचं भाडं भरायचं तर चार कामं करावीच लागतात. पण कमिशनच्या आधी माझी एक चूक ऐका.

अंबरनाथ पूर्वेला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. विम्याचं काम सुरू केलं त्या पहिल्याच वर्षी आमच्या बिल्डिंगमधल्या काकांची पॉलिसी केली. काका एमआयडीसीतल्या नोकरीतून रिटायर झालेले, वय ६१. मोबाईलवर फॉर्म भरता भरता मी विचारलं, "काका, आजार वगैरे काही नाही ना?" ते म्हणाले, "छे गं! बीपीची एक गोळी आहे सकाळी. तो काय आजार म्हणायचा?" मीही हसले आणि सगळ्या प्रश्नांपुढे 'नाही' वर बोट दाबत गेले. मागे आधार कार्डवाल्यांची रांग होती. काकांनी ओटीपी सांगितला, हप्ता भरला, पॉलिसी आली. त्यांनी मला पेढाही दिला.

१४ महिन्यांनी काकांना न्यूमोनिया झाला. सहा दिवस ॲडमिट. बिल १ लाख ३० हजारांच्या वर गेलं. हॉस्पिटलच्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं होतं: सहा वर्षांपासून उच्च रक्तदाब. कंपनीचं पत्र आलं: आजार लपवला म्हणून क्लेम नामंजूर, पॉलिसी रद्द. काकूंनी एफडी मोडली.

न्यूमोनियाचा आणि बीपीचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणाले. पण कंपनीचा मुद्दा न्यूमोनियाचा नव्हताच, फॉर्मवरच्या 'नाही' चा होता. आणि ते 'नाही' काकांनी म्हटलं नव्हतं. त्यांनी गोळी सांगितली होती. 'नाही' मी दाबलं होतं.

म्हणून आज विकायचं कसं ते नाही, विकताना काय चुकवायचं नाही ते सांगते.

१. फॉर्ममध्ये खरं तेच

विमा एजंटांसाठी आयआरडीएआयची आचारसंहिता आहे, २०१६ च्या नियमावलीत. त्यात स्पष्ट लिहिलंय की फॉर्ममध्ये कोणती माहिती द्यायची आणि ती देणं का महत्त्वाचं आहे, हे ग्राहकाला समजावणं एजंटचं काम आहे. माहिती गाळायला किंवा चुकीची द्यायला ग्राहकाला भरीस घालायचं नाही. "बीपी लिहू नका काका, हप्ता वाढेल" हे वाक्य म्हणजे सरळ नियमभंग.

आता यातलं गणित बघा, कारण गिऱ्हाइकाला गणितच पटतं. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार, आधीपासूनचा आजार फॉर्ममध्ये लिहिला तर त्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. आधी ही मर्यादा ४८ महिने होती. त्या काळातही बाकीच्या आजारांचं कव्हर पॉलिसीप्रमाणे चालू असतं. काकांचा न्यूमोनिया तसाच बसला असता.

आणि आजार लपवला तर? सलग ६० महिने पॉलिसी चालू राहीपर्यंत कंपनी माहिती लपवल्याचा मुद्दा काढू शकते. त्यानंतर मात्र फसवणूक सिद्ध झाली तरच. म्हणजे खरं सांगितलं तर एका आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायचं, लपवलं तर पाच वर्षं सगळ्याच क्लेमवर टांगती तलवार. "तीन वर्षं झाली की सगळं माफ" असं जे काउंटरवर सांगतात ना, ती आयुर्विम्याची गोष्ट इथे चिकटवलेली असते.

माझी पद्धत आता अशी आहे. "आजार आहे का?" हा प्रश्न मी विचारतच नाही. आपल्याकडे बीपी, शुगर, थायरॉइड यांना कुणी आजार म्हणतच नाही. मी सांगते, "घरी जा आणि गोळ्यांची पिशवी घेऊन या." प्रत्येक पाकिटावरचं नाव फॉर्मशी ताडून बघते. दुसरा प्रश्न: "आत्तापर्यंत हॉस्पिटलमध्ये कधी झोपलात?" बारा वर्षांपूर्वीचं हर्नियाचं ऑपरेशन या प्रश्नाला बाहेर येतं, एरवी येत नाही.

२. कमिशनमधून सूट द्यायची नाही

उल्हासनगरच्या मार्केटमध्ये लहानाचा मोठा झालेला माणूस भाव केल्याशिवाय रुमालही घेत नाही. विम्यातही तोच प्रश्न येतो: "दीदी, आपके कमिशन में से कितना छोडोगे?" उत्तर एकच, काहीच नाही. १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ४१ सांगतं की कमिशनमधला वाटा ग्राहकाला द्यायचा नाही, आणि ग्राहकानेही असा वाटा घ्यायचा नाही. पूर्वी यासाठी ५०० रुपये दंड होता. २०१५ च्या दुरुस्तीने तो १० लाखांपर्यंत नेला. "पहिला हप्ता मी भरतो" किंवा "पॉलिसीवर मिक्सर फ्री", हे सगळं त्यातच आलं.

पण हसतमुखाने सांगण्यासारखी खरी बचत आहे. वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. ते सांगा.

आणि कमिशन किती? कंपनीप्रमाणे, प्लॅनप्रमाणे वेगळं असतं. कोड घेतानाच लेखी मागून घ्या. ग्राहकाने विचारलं तर त्यालाही सांगावं लागतं, तेही आचारसंहितेतच आहे. लाजू नका. किराणावाल्याला मार्जिन असतं हे गिऱ्हाइकाला माहीत असतंच की.

३. हप्ता आपल्या गल्ल्यात ठेवायचा नाही

हे दुकानदारांचं खास दुखणं. गिऱ्हाईक शनिवारी रोख देऊन जातं, आपण म्हणतो सोमवारी भरू, मध्येच लाइटबिलाचे पैसे कमी पडतात. कलम ६४ व्हीबी म्हणतं की एजंटने घेतलेला हप्ता २४ तासांच्या आत कंपनीकडे भरला पाहिजे, बँकेच्या आणि पोस्टाच्या सुट्ट्या सोडून. पूर्ण भरायचा, आपलं कमिशन कापून नाही. त्याच कलमात असंही आहे की हप्ता मिळाल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही. पैसे तुमच्या गल्ल्यात असताना माणूस बदलापूर स्टेशनच्या जिन्यावरून घसरला तर?

सोपा उपाय: ग्राहकाच्याच मोबाईलवर लिंक, त्याच्याच खात्यातून पेमेंट. शिवाय आरोग्य विम्याचा हप्ता रोख भरला तर आयकरातली वजावट मिळत नाही, हेही सांगा. रोख देणारे निम्मे लोक तिथेच थांबतात.

४. चालू पॉलिसी मोडायला लावू नका

"जुनी बंद करा, माझी नवीन घ्या, हप्ता कमी आहे." ऐकायला छान वाटतं. पण जुनी पॉलिसी सोडून अगदी नवी घेतली की थांबण्याचे महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. साठीतल्या माणसासाठी हा मोठा तोटा आहे. कंपनी खरंच बदलायची असेल तर पोर्ट करा. पोर्ट केलं की जुन्या विमा रकमेपुरते आधीचे महिने जमा धरतात. पोर्टचा अर्ज जुनी पॉलिसी संपायच्या आधी पुरेसे दिवस हातात ठेवून करायचा.

हप्ता वाढला म्हणून कुणी चिडून आलं तर हेही माहीत असू द्या: ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी आयआरडीएआयशी सल्लामसलत करायची, असं जानेवारी २०२५ मध्येच सांगितलंय.

५. सत्तरीच्या माणसाला आधी सरकारी कार्ड सांगा

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. त्याचं नाव आयुष्मान वय वंदना कार्ड. ते फुकट आहे. खासगी पॉलिसी किंवा ईएसआयसी असली तरी मिळतं. सीजीएचएस किंवा ईसीएचएस असेल तर दोन्हीपैकी एक निवडावं लागतं. अंबरनाथमध्ये सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले बरेच आहेत, त्यांना हा फरक नीट सांगा. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे ती वेगळी.

या कार्डाचे पैसे मागणं, किंवा "ही मोदींचीच स्कीम आहे" म्हणून खासगी प्लॅन गळ्यात मारणं, हे दोन्ही फसवणुकीत जमा. "मग माझी पॉलिसी कोण घेणार?" असं एका मुलाने सेशनमध्ये विचारलं होतं. त्याला म्हटलं, ज्या आजोबांना तू फुकटचं कार्ड काढायला सांगशील ना, त्यांचा मुलगा आणि सून पॉलिसीसाठी तुझ्याकडेच येतील. सरकारी योजना संलग्न हॉस्पिटलमध्येच चालते. ज्यांना त्याबाहेरचंही हॉस्पिटल हवं आहे, ते समजून-उमजून घेतील.

६. घाई नाही

अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या लोकांसाठी मेडिकेअर आहे. तिथे खासगी मेडिकेअर प्लॅन विकणाऱ्या एजंटला न बोलावता दार वाजवता येत नाही. कशाबद्दल बोलायचं यावर ग्राहकाची आधी लेखी संमती घ्यावी लागते, आणि ती संमती व भेट यांत ४८ तासांचं अंतर ठेवायचा नियम त्यांनी २०२३ मध्ये आणला. काही अपवाद आहेत, पण हेतू एकच: म्हाताऱ्या माणसाला विचार करायला वेळ मिळावा.

आपल्याकडे असा नियम नाही. मी तो माझ्या काउंटरवर लावलाय. साठीच्या पुढच्या कुणाचाही फॉर्म मी त्याच दिवशी पाठवत नाही. प्रिंट देते, घरी न्या, मुलाला किंवा सुनेला वाचू द्या, गोळ्या मिळवून बघा, मग या. काही जण परत येत नाहीत. चालतं.

पॉलिसी आल्यावरही काम संपत नाही. सोबत ग्राहक माहिती पत्रक येतं, काय कव्हर आहे आणि काय नाही ते त्यात थोडक्यात असतं. ग्राहकाने मागितलं तर ते मराठीतही मागवता येतं. ते त्याच्यासमोर वाचा. पसंत नसेल तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, हेही तोंडाने सांगा.

आणि क्लेम अडकला तर

आधी कंपनीकडे लेखी तक्रार. विमा भरोसा पोर्टल आहे, १५५२५५ हा टोल-फ्री नंबर आहे. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. आपल्यासाठी ठाण्यातच कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकतात. मात्र कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं.

हे एक वर्ष मला आजही टोचतं. काकांचा क्लेम नाकारला तेव्हा मला लोकपाल माहीत नव्हता. माहीत झाला तेव्हाही काही महिने हातात होते. पण तिथे गेलं की "फॉर्म कुणी भरला?" हा प्रश्न येणार, या भीतीने मी गप्प बसले. निकाल काय लागला असता ते सांगता येणार नाही. पण दार ठोठावायचा हक्क त्यांचा होता आणि तो माझ्या लाजेपायी गेला. नंतर मी त्यांना सगळं सांगितलं. काका म्हणाले, "जाऊ दे, पुढच्याला नीट विचार." अजून झेरॉक्सला माझ्याकडेच येतात. सुट्टे पैसे देताना मी त्यांच्याकडे बघत नाही.

मोठ्या शहरात एजंटला ग्राहक पुन्हा कधी भेटतही नसेल. आपल्याला रोज भेटतो, ८.१२ च्या लोकलला, भाजीच्या गाड्यावर, सोसायटीच्या मीटिंगला. म्हणून पुढच्याला नीट विचारा. आज दुकानात जो कुणी पॉलिसीसाठी येईल त्याला एवढंच सांगा: गोळ्यांची पिशवी घेऊन या.

या आठवड्याच्या व्हिडिओत फॉर्मचं आरोग्याचं पान एकेक प्रश्न घेऊन भरून दाखवलंय. बघा, आणि जे हे काम करतात त्यांना पाठवा.