एक एंजिन बंद पडलें तर

३० जानेवारी १९४९ पासून भारतांत हवाई टपालाची रात्रसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून डाकोटा विमानें रात्रीं निघत, नागपूरच्या सोनेगांव विमानतळावर एकत्र येत आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परतत. मुंबईचा सरळ मार्ग वर्धा जिल्ह्यावरूनच जात असल्यामुळें सेलू-आर्वीकडे अंगणांत निजणाऱ्यांस ती घरघर ओळखीची झाली असल्यास नवल नाहीं.

डाकोटास दोन एंजिनें असत. अशा विमानाविषयीं सामान्य समजूत अशी कीं, एक बिघडलें तरी दुसरें आहेच. मग भय कसलें? ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि अर्धें सत्य आकाशांत फार महाग पडतें.

चढावावर जोडीतील डावा बैल एकाएकीं बसला व उजवा ओढीत राहिला, तर गाडी डावीकडे वळते. विमानाचेंही तसेंच आहे. डावें एंजिन बंद पडतांच नाक डावीकडे फिरूं लागतें. वैमानिकाचें पहिलें काम म्हणजे उजव्या पायानें सुकाणूची पट्टी दाबून नाक सरळ ठेवणें आणि विमान चालू एंजिनाकडे किंचित् कलतें करणें. ज्या पायास जोर करावा लागत नाहीं, त्या बाजूचें एंजिन मेलेलें, असा ठोकताळा आहे. तरीही त्या एंजिनाचा जोर हळूच कमी करून खात्री करावी लागते. कारण घाईंत चांगलेंच एंजिन बंद केल्याचीं उदाहरणें आहेत.

पुढचें काम पंख्याचें. धांवत्या आगगाडीच्या खिडकींतून पंजा आडवा धरला तर वारा हात मागें लोटतो. धारेसारखा धरला तर सहज निसटूं देतो. बंद एंजिनाचा पंखा वाऱ्यानें फिरत राहिल्यास विमानास मागें ओढतो. म्हणून त्याचीं पातीं फिरवून त्यांची धार वाऱ्याकडे करतात.

आतां शक्तीचा हिशेब पाहूं. समजा, दोन्ही एंजिनांची मिळून शक्ति १०० भाग आहे आणि विमान एका उंचीवर राखण्यास ४० भाग लागतात. उरलेल्या ६० भागांच्या बळावर तें वर चढतें. एक एंजिन गेलें कीं ५० उरतात. त्यांतून ४० वजा जातां शिल्लक केवळ १०. शक्ति निम्मी झाली, पण चढण्याचें बळ एकषष्ठांशच राहिलें! त्यांत वैशाखांतील विदर्भाची हवा तापून विरळ झालेली असली, तर हे दहा भागही उरतीलच असें नाहीं.

सर्वांत कठीण प्रसंग उड्डाणानंतरच्या पहिल्या क्षणांचा. उंची नसते, वेगही बेताचा असतो. वेग ठराविक मर्यादेखालीं गेल्यास सुकाणूचा जोर अपुरा पडतो आणि विमान मेलेल्या एंजिनाच्या बाजूस कलंडून उलटतें. म्हणून उंचीच्या मोहानें नाक वर ओढूं नये. आधीं वेग राखावा. विमान आवरतच नसेल, तर चालू एंजिनाचाही जोर कमी करून समोरच्या मोकळ्या शेतांत ताब्यांत असलेलें विमान उतरविणें श्रेयस्कर. परत विमानतळाकडे वळण्याची ओढ अनेकांस नडली आहे.

१२ डिसेंबर १९५३ रोजीं नागपूरहून मद्रासकडे निघालेल्या टपालाच्या डाकोटाची एंजिनशक्ति उड्डाणानंतर लगेच घटली व विमान कोसळलें. आंतील १४ जणांपैकीं १३ मृत्युमुखीं पडले. दोन एंजिनें असूनही हें घडलें.

म्हणूनच असें विमान चालविण्यास शिकणाऱ्याच्या शिक्षणांत शिक्षक मुद्दाम एका एंजिनाचा जोर काढून घेतो, आणि शिष्याचा पाय व हात आपोआप योग्य बाजूस जाईपर्यंत तो पाठ पुनःपुन्हां गिरवितो. दुसरें एंजिन अभय देत नाहीं. तें थोडा अवकाश देतें. त्या अवकाशांत काय करावयाचें, हें जमिनीवर असतांनाच ठरलेलें असावें लागतें.