६० वर्षं पडून राहिलेल्या टेपमध्ये बीटल्स सापडले. तुमच्या घरातल्या कॅसेटमध्ये काय आहे?

तारीख ४ एप्रिल १९६३. इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायर भागातली स्टो नावाची मुलांची निवासी शाळा. शाळेच्या थिएटरमध्ये त्या दिवशी लिव्हरपूलचा एक बँड वाजवणार होता. शाळेतल्याच एका विद्यार्थ्याने बँडचे मॅनेजर ब्रायन एपस्टाइन यांना पत्र पाठवून हा कार्यक्रम ठरवला होता. मानधन होतं १०० पौंड आणि बँडचं नाव होतं द बीटल्स.

त्यांचा पहिला अल्बम 'प्लीज प्लीज मी' बाजारात येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. प्रेक्षकांत जॉन ब्लूमफिल्ड नावाचा १५ वर्षांचा मुलगा होता. त्याला यंत्रांचं भारी वेड. नवा टेप रेकॉर्डर कसा चालतो ते बघायचं म्हणून त्याने माइक लावला आणि बटण दाबलं.

ती टेप जगासमोर आली थेट २०२३ मध्ये, बीबीसीच्या पत्रकार समीरा अहमद यांच्यामुळे. सुमारे तासाभराचं हे रेकॉर्डिंग म्हणजे बीटल्सच्या ब्रिटनमधल्या एखाद्या कार्यक्रमाचं, आजवर माहीत असलेलं सर्वांत जुनं संपूर्ण रेकॉर्डिंग आहे.

यात एवढं विशेष काय?

बीटल्सची गाणी तर सगळीकडे मिळतात, मग या खरखरीत टेपचं कौतुक कशाला?

कारण पुढच्या काही महिन्यांतच बीटल्सच्या कार्यक्रमांत एवढा आरडाओरडा व्हायला लागला की स्टेजवरचं त्यांचं त्यांनाच ऐकू येईना. १९६६ मध्ये तर त्यांनी दौरे करणंच सोडलं. स्टोमध्ये समोर जवळपास सगळी शाळकरी मुलंच होती. त्यामुळे गाणी नीट ऐकू येतात, मधल्या गप्पा, थट्टामस्करी आणि पोरांच्या फर्माइशीसुद्धा ऐकू येतात. अजून प्रसिद्धी डोक्यावर बसलेली नाही, असा बँड या टेपमध्ये सापडतो. स्टुडिओतला अल्बम ही गोष्ट देऊ शकत नाही.

ऑडियन्स रेकॉर्डिंग म्हणजे नेमकं काय?

लाइव्ह कार्यक्रम दोन प्रकारे रेकॉर्ड होतो. पहिला प्रकार मिक्सरवरून. स्टेजवरच्या माइकमधून आलेला आवाज थेट मशीनमध्ये जातो. आवाज स्वच्छ असतो, पण प्रेक्षक गायब असतात. दुसरा प्रकार म्हणजे प्रेक्षकांत बसून केलेलं ऑडियन्स रेकॉर्डिंग. त्यात गाणं येतं, सभागृहाचा घुमारा येतो, टाळ्या येतात आणि शेजारच्याचा खोकलाही येतो. ऐकायला त्रास होतो, पण त्या दिवशी तिथे नेमकं काय घडलं हे त्यातूनच कळतं.

अशा टेपची किंमत कुठवर जाऊ शकते? ६ जुलै १९५७ ला लिव्हरपूलच्या वूल्टन भागात चर्चच्या जत्रेत जॉन लेननचा 'क्वारीमेन' हा बँड वाजवत होता. बॉब मॉलिन्यू या तरुणाने त्यातलं थोडं रेकॉर्ड केलं. त्याच दिवशी लेनन आणि पॉल मॅकार्टनी पहिल्यांदा भेटले. १९९४ मध्ये सदबीज्‌च्या लिलावात ही टेप ईएमआय कंपनीने ७८,५०० पौंडांना घेतली.

आपल्याकडे असं काही आहे का?

भरपूर आहे. शास्त्रीय संगीतात तर यावाचून चालतच नाही. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. मैफलीत तासभर रंगणारा राग त्यात कसा बसणार? मोठ्या गायकांचं खरं गाणं कळतं ते रसिकांनी खासगी बैठकांत केलेल्या रेकॉर्डिंगमधून. ही रेकॉर्डिंग वर्षानुवर्षं एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली.

रॉकचंही तेच. मार्च १९८० मध्ये मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात 'द पोलीस' हा ब्रिटिश बँड वाजवून गेला. त्यांच्या त्या जगभरच्या दौऱ्यावर फिल्म निघाली. पण १९८६ पासून त्याच रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक'मध्ये आपली कॉलेजची पोरं वाजवायला लागली, त्यातल्या बहुतेकांच्या मागे ना कॅमेरा होता ना रेकॉर्ड कंपनी. असे कार्यक्रम उरले असतील तर प्रेक्षकांतल्या कुणाच्या तरी कॅसेटमध्येच.

याचा जुन्या जालन्याशी काय संबंध?

कुंडलिका नदीच्या एका बाजूला जुना जालना, दुसऱ्या बाजूला नवा जालना. इथे रॉक बँड नसेल, पण कव्वाली, भीमजयंतीची गाणी, गणपतीतला ऑर्केस्ट्रा, कीर्तनाचा सप्ताह हे सगळं होतं. ऐंशी-नव्वदच्या दशकात मराठवाड्यात घरोघरी टेप रेकॉर्डर आला. अनेकांनी तो स्टेजपुढे किंवा भोंग्याखाली ठेवून कार्यक्रम टेप केले. मुंबई-पुण्याच्या कलाकारांचं कंपन्यांनी, रेडिओने काहीतरी जपलं. गावातल्या गायन पार्टीचं तसं नाही. तुमच्या घरातली कॅसेट हीच त्यांची एकुलती एक प्रत असू शकते.

कॅसेट खराब का होते?

कॅसेटमधली फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली चुंबकीय पूड. ९० मिनिटांच्या कॅसेटमधली फीत केसापेक्षाही पातळ असते. ओल लागली की पूड धरून ठेवणारा चिकट थर बिघडतो, बुरशी येते. पत्र्याच्या खोलीत मे महिन्याची चाळिशीपार गरमी लागली की फीत आकसते, वाकडी होते. त्यात कॅसेट वाजवणारी चांगली मशीन आणि ती दुरुस्त करणारे मेकॅनिक, दोन्ही कमी होत चाललेत.

मग करायचं काय?

१. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन छोट्या खिट्ट्या असतात. त्या आधी मोडा. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी जुनं पुसलं जात नाही.

२. बुरशी दिसली तर कॅसेट वाजवू नका, जाणकाराकडे द्या. चांगली असेल तर मशीनचं हेड साफ करा, फीत एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा, मगच वाजवा.

३. मशीनसमोर मोबाइल धरून रेकॉर्ड करू नका. हेडफोनच्या किंवा लाइन आउटच्या भोकातून वायर कॉम्प्युटरला जोडा. फाइल वेव्ह प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर ठेवा. एमपीथ्री नंतर बनवा.

४. मूळ फाइलमधली खरखर काढू नका. साफसफाई करायची ती कॉपीवर करा.

५. आवाज पातळ किंवा जाड वाटतोय? रेकॉर्डिंगमध्ये विजेची घरघर आली असेल तर तिची मदत होते. आपली वीज ५० हर्ट्झची. कॉम्प्युटरवर ती घरघर ५२ वर दिसली, तर टेप सुमारे चार टक्के जास्त वेगाने वाजतेय.

६. कार्यक्रम कुठला, साल कोणतं, कोण गातंय, हार्मोनियम-ढोलकीवर कोण, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. नाव-गाव नसलेल्या रेकॉर्डिंगचा उपयोग अर्धाच. मशीन नंतरही मिळेल, सांगणारी माणसं मिळतीलच असं नाही.

यूट्यूबवर टाकता येईल का?

इथे जरा थांबा. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार कलाकाराचा आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो. गीतकार-संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला कायद्यात सूट आहे, पण ते सगळ्यांसाठी अपलोड करणं ही वेगळी गोष्ट झाली. बीटल्सच्या १९६२ मधल्या हॅम्बुर्गच्या टेपा १९७७ मध्ये बाजारात आल्या आणि तो वाद १९९८ पर्यंत कोर्टात चालला. कलाकार किंवा त्यांचं कुटुंब गावातच असेल तर आधी त्यांना ऐकवा आणि परवानगी घ्या. अनेकदा त्यांच्याकडे स्वतःच्या आवाजाची एकही प्रत नसते.

तर या रविवारी माळ्यावरचा तो जुना डबा खाली काढा. भंगारवाल्याला देण्याआधी प्रत्येक कॅसेटवर काय लिहिलंय ते वाचा. काहीच लिहिलेलं नसेल, तर ती सगळ्यात आधी ऐका.