विश्लेषण : जुन्या वेगवान गाडीची क्रँक पुली अचानक दगा का देते?

जुनी व्हीटेक होंडा सिटी असो वा पहिली ऑक्टाव्हिया आरएस, अशा गाड्या हौसेने जपणारे मालक ऑइल आणि टायमिंग बेल्ट वेळेवर बदलतात. इंजिनच्या टोकाला फिरणाऱ्या क्रँक पुलीकडे मात्र ती तुटेपर्यंत लक्ष जात नाही. खंबाटकी घाटाच्या चढावर ती निखळली, तर काही मिनिटांत इंजिन तापू शकते.

पुलीत रबर कशासाठी?
चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा इंधन पेटते. म्हणजे ६००० आरपीएमला सेकंदाला २०० धक्के. प्रत्येक धक्क्याने शाफ्टला किंचित पीळ बसतो. तो शोषण्यासाठी आतला हब आणि बाहेरचे जड कडे यांच्यामध्ये रबर असते.

बिघाड कसा होतो?
उष्णता, सीलमधून झिरपणारे ऑइल आणि वय यांमुळे रबराला चिरा पडतात. गाडी कमी चालली, तरी रबराचे वय थांबत नाही. कडे घसरले की बेल्ट निसटतो. मग अल्टरनेटर, पॉवर स्टीअरिंग आणि अनेक गाड्यांत वॉटर पंपही बंद पडतो.

घरी कसे तपासाल?
इंजिन बंद आणि थंड असताना हबपासून कड्यापर्यंत रंगाची सरळ रेघ ओढा. आठवड्याने पाहा. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले असतील, तर पुली बदला. पुली डुगडुगणे, बेल्ट चिरकणे हीसुद्धा लक्षणे आहेत. पुलीवर तेल दिसले, तर आधी ऑइल सील बदला.

लेथवर नवी बनवावी का?
किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली, तेव्हापासून सांगली जिल्ह्याला यंत्रकाम नवे नाही. हुबेहूब पुली लेथवर होईलही. पण अख्ख्या धातूच्या पुलीत रबर नसल्याने धक्क्यांचा मार बेअरिंग आणि क्रँकशाफ्टवर जातो. हलक्या ॲल्युमिनियम पुलीचेही तेच. भंगारातल्या पुलीचे रबरही तितकेच जुने असते. नवी पुली बसवताना बोल्ट एअर गनने अंदाजे आवळू नका; कंपनीने दिलेल्या मापानेच टॉर्क रेंच वापरा.

वाटेत दगा दिला तर?
बॅटरीचा दिवा लागला आणि तापमानाचा काटाही चढू लागला, तर बेल्ट गेला असे समजून लगेच बाजूला थांबा. ‘साताऱ्यापर्यंत नेऊ’ म्हटले, तर पुलीवर भागणारे काम हेड गॅस्केटपर्यंत जाते.