मुंबईतील प्लेग आणि गणितीय जीवशास्त्र : संशोधक विद्यार्थ्यासाठी एक धडा

प्रस्तावना :- उपयोजित गणितात संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला 'गणिताचा रोगाशी काय संबंध?' असा प्रश्न नेहमी विचारला जातो. ग्वाल्हेरच्या थाटीपुर भागातील पदव्युत्तर विद्यार्थी असो वा महाराष्ट्रातील, त्याला या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या प्लेगच्या आकड्यांत सापडते. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

प्रतिमान :- १९२७ मध्ये एडिंबरो येथील रसायनशास्त्रज्ञ केरमॅक आणि भारतीय वैद्यकीय सेवेत काम केलेले डॉक्टर मॅकेन्ड्रिक यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. केरमॅक यांची दृष्टी १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात गेली होती. त्यांनी लोकसंख्येचे तीन गट केले : रोग होऊ शकणारे, रोगी, आणि बरे झालेले वा मृत. एका गटातून दुसऱ्या गटात जाण्याचा वेग अवकल समीकरणांनी मांडला. यातून महत्त्वाचा निष्कर्ष निघाला. सुरुवातीस एक रोगी सरासरी तीन जणांना रोग देत असेल, तर रोग होऊ शकणारे लोक एक-तृतीयांशावर येताच साथ ओसरू लागते. साथ थांबण्यासाठी सर्वांनाच रोग व्हावा लागत नाही.

मुंबईचे आकडे :- या निबंधात १९०५-०६ च्या मुंबईतील प्लेगचे साप्ताहिक मृत्यू घेतले होते. त्यासाठी त्यांनी काढलेले सूत्र असे :

साप्ताहिक मृत्यू = ८९० × सेच²(०.२ × आठवडा − ३.४)

येथे सेच म्हणजे हायपरबोलिक सेकंट. कंसातील किंमत १७ व्या आठवड्यात शून्य होते, म्हणून तेथे मृत्यू सर्वाधिक, म्हणजे ८९० येतात. १२ व्या आणि २२ व्या आठवड्यात ते सुमारे ३७४ येतात. हा वक्र प्रत्यक्ष आकड्यांशी चांगला जुळतो. विद्यार्थ्यांकडून वर्गात हा तक्ता तयार करून घेता येईल.

खरी कसोटी :- परंतु वक्र जुळला म्हणजे कारण सिद्ध झाले, असे नाही. मुंबईतील प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमार्फत पसरत होता आणि दरवर्षी ठराविक मोसमात वाढून पुन्हा ओसरत होता. त्यामुळे साथ ओसरण्याचे कारण रोग होऊ शकणारे लोक कमी होणे हे नसून ऋतुबदल हेही असू शकते. आपली गृहीतके प्लेगला काटेकोरपणे लागू पडत नाहीत, हे मूळ लेखकांनीही नमूद केले होते. २०१२ मध्ये निकोलस बाकाएर यांनी ऋतुमानाचा समावेश करून या प्रश्नाची पुन्हा तपासणी केली.

निष्कर्ष :- संशोधक विद्यार्थ्याचे काम समीकरण सोडवून संपत नाही. प्रत्येक गृहीतक कोणत्या निरीक्षणावर उभे आहे आणि तोच वक्र दुसऱ्या कारणाने मिळू शकतो काय, हे त्याने तपासले पाहिजे. चुकीच्या कारणावर आधारलेले उत्तर प्रतिबंधाची दिशाच चुकवते. माणसांना अलग ठेवायचे की उंदरांचा बंदोबस्त करायचा, हे त्यावरच ठरते. आपण शिक्षकांनी हा प्रश्न विचारण्याची सवय पदवीच्या वर्गापासूनच लावावी.