उभं राहिल्यावर अंधारी येते? मग उभं करूनच बीपी मोजायला सांगा

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हे नाव आपल्या वस्तीत फारसं कुणाच्या कानावर नसतं. पण आजार वस्ती बघून येत नाही. बहुतेकदा तो २० ते ४० या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. एकापासून दुसऱ्याला तो लागत नाही. विजेच्या वायरवर प्लास्टिक असतं, तसं नसांवर मायलिनचं वेष्टण असतं. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या या वेष्टणावर हल्ला करते. मग मेंदूचा निरोप वाटेतच अडकतो. एका डोळ्याला धूसर दिसतं, पायातली ताकद जाते, हातापायांना मुंग्या येतात.

पाय ओढत चालणारी बाई सगळ्यांना दिसते. पण उभं राहिल्यावर येणारी अंधारी, छातीतली धडधड, उकाड्यात गळून जाणं, लघवी न थांबणं किंवा पूर्ण न होणं, हे कुणाला दिसत नाही. नळाच्या रांगेत ती मटकन खाली बसली की शेजारीण म्हणते, "नाटकं करते." दवाखान्यात ऐकायला मिळतं, "टेन्शन घेऊ नका." नर्स म्हणून काम करताना ही दोन्ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की आता त्यांचा रागच येतो. कारण हा त्रास मोजता येतो.

हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम, लघवी, पोट ही कामं आपण सांगावी लागत नाहीत. ती स्वायत्त मज्जासंस्था पाहते. आपण उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. त्याच क्षणी ही यंत्रणा रक्तवाहिन्या आवळते, ठोके वाढवते आणि मेंदूला रक्त कमी पडू देत नाही. एमएसमुळे तिच्या वाटेवर डाग पडले, तर हे काम बिघडू शकतं.

पहिली तपासणी अगदी साधी आहे. ५ मिनिटं शांत आडवं झोपवून बीपी मोजायचं. मग उभं करून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहिल्यावर बीपी पडतं असं समजतात. बीपी न पडता १० मिनिटांत ठोके ३० किंवा त्याहून जास्त वाढले आणि चक्करही येत असेल, तर तीही नोंद महत्त्वाची. खुर्चीत बसवून घेतलेल्या एका बीपीत यातलं काही कळत नाही. ही तपासणी करताना शेजारी माणूस हवंच. चक्कर आली की लगेच आडवं करा.

मोठ्या रुग्णालयात पुढच्या तपासण्या होतात. ५ सेकंद श्वास आत, ५ सेकंद बाहेर, असं मिनिटभर करताना ईसीजीवर ठोके किती वरखाली होतात ते बघतात. १५ सेकंद नळीत जोराने फुंकायला लावतात. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा पडद्याचा आजार असेल तर आधी सांगा. मुठीने दाब धरून ठेवायला लावतात. पट्ट्याने बांधून पलंग हळूहळू उभा करतात. घामाची तपासणीही असते. लघवी करून आल्यावर पोटाची सोनोग्राफी केली की पिशवीत किती लघवी उरली ते कळतं. यातल्या कशातही कापाकापी नाही. आधी चहा, तंबाखू टाळा. चालू गोळ्यांची यादी न्या, पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळी बंद करू नका.

एक लक्षात ठेवा, या तपासण्यांनी एमएस आहे की नाही ते ठरत नाही. त्यासाठी मेंदूविकार तज्ज्ञ आणि एमआरआय लागतो. आणि चक्कर येणाऱ्या प्रत्येकीला एमएस नसतो. अंगात रक्त कमी असणं, मधुमेह, पाणी कमी पडणं, बीपीच्या गोळ्या ही कारणं कितीतरी जास्त आढळतात. म्हणून हिमोग्लोबिन आणि साखरही तपासून घ्या.

कारण सापडलं की उपाय करता येतो. गोळी बदलता येते. उठताना आधी बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. पाणी पुरेसं प्यायचं, मीठ मात्र डॉक्टरांना विचारूनच वाढवायचं. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात एमएसचा त्रास वाढतो. अंगावर ओला कपडा घ्या, जड काम सकाळी उरका. सार्वजनिक शौचालय लांब आहे म्हणून पाणी तोडू नका. लघवीचा त्रास न लाजता सांगा, त्यावर औषध आहे.

मुंबईत केईएम, नायर, जे.जे. या रुग्णालयांत मेंदूविकार विभाग आहेत. स्वायत्त मज्जासंस्थेची तपासणी कुठे होते ते तिथे विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएसचं नाव आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व ठरलं तर कायद्याने ठरवलेल्या सवलती मागता येतात. दाखल्यासाठी जाताना न दिसणारे त्रासही सांगा आणि तपासणीचे सगळे कागद सोबत न्या.

पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की स्पष्ट म्हणा, "डॉक्टर, झोपवून आणि उभं करून, दोन्ही बीपी घ्या आणि केसपेपरवर लिहा." याला बीपीचं मशीन आणि घड्याळ एवढंच लागतं, आणि ते प्रत्येक दवाखान्यात असतं.