झाडाखालची तुळई

पुण्यात बाणेर-बालेवाडीकडच्या नव्या गृहसंकुलांमध्ये हिरवळ असते, बहाव्याची रांग असते, मुलांसाठी घसरगुंडी असते. यातलं बरंचसं जमिनीवर नसतंच. खाली पार्किंगचे मजले, त्यावर काँक्रीटचा स्लॅब, त्यावर पाणीरोधक थर, निचऱ्याचा थर, मग माती आणि सगळ्यात वर बाग. बांधकामवाले याला पोडियम म्हणतात.

भिजलेली माती घनमीटरला साधारण १,८०० किलो भरते. १० मीटर लांब, १० मीटर रुंद वाफ्यात ६० सेंटिमीटर माती टाकली, तर वजन होतं सुमारे १०८ टन. झाडांची मुळं नीट पसरावीत म्हणून लँडस्केप आर्किटेक्टनं खोली ७५ सेंटिमीटर केली, की स्लॅबवर आणखी २७ टन चढतात. ऑटोकॅडच्या नकाशात हा बदल म्हणजे एक आकडा खोडून लिहिलेला दुसरा आकडा. स्ट्रक्चरल इंजिनिअरला कुणी आठवणीनं कळवलं तर कळलं. झाडाचंही तेच. नकाशात ते एक वर्तुळ असतं. त्या वर्तुळाखालून तुळई जाते की पावसाच्या पाण्याचा पाइप, हे दुसऱ्याच कार्यालयातल्या नकाशात असतं. दोन्ही नकाशे आपापल्या जागी बरोबर असतात आणि भेट होते ती थेट साइटवर, रोपांचा ट्रक दारात उभा असताना.

हा घोळ टाळण्याचं तंत्र म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, बोलताना ‘बिम’. यात रेषा काढायच्या नसतात, वस्तू रचायच्या असतात. भिंत म्हणजे जाडी, साहित्य, उंची आणि किंमत यांच्यासह एक वस्तू. तिची उंची बदलली की नकाशा, छेद आणि साहित्याची यादी, तिन्ही एकदम बदलतात. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्येच ती मांडली होती. हंगेरीतल्या ग्राफिसॉफ्टचं आर्किकॅड हे सॉफ्टवेअर १९८४ मध्ये आलं, रेव्हिट २००० मध्ये, आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कनं रेव्हिट विकत घेतलं. ब्रिटननं एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांना बिम सक्तीचं केलं. आपल्याकडे नागपूर मेट्रोनं वेळ आणि खर्च जोडलेलं बिम वापरलं. मोठ्या शहरांतली मोठी आर्किटेक्ट मंडळी आणि प्लंबिंग-विजेचे सल्लागार आता बऱ्यापैकी या वाटेवर आहेत. मागे राहिली ती चार-पाच जणांची लँडस्केप कार्यालयं. ऑटोकॅड, स्केचअप आणि एक्सेल या तिघांवर त्यांचा गाडा चालतो.

खरं तर नकाशाला माहिती जोडण्यात हीच मंडळी आघाडीवर होती. लँडस्केप आर्किटेक्ट इयन मॅकहार्ग यांनी १९६९ च्या ‘डिझाइन विथ नेचर’मध्ये माती, उतार, पाणी, झाडी यांचे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून जमीन वाचायला शिकवलं. त्याच वर्षी जॅक डेंजरमंड यांनी एस्री ही भौगोलिक माहितीप्रणालीची कंपनी काढली. त्यांचं शिक्षण लँडस्केप आर्किटेक्चरचंच.

मग बिममध्येच गाडी का अडली? कारण हे तंत्र इमारतीच्या स्वभावावर बेतलेलं आहे. इमारतीत मजले आडवे, खिडक्या एकसारख्या, आणि ताबा दिला त्या दिवशी वस्तू पूर्ण. जमीन तशी नाही. सर्व्हेअरनं दिलेले उंचीचे बिंदू जोडून सॉफ्टवेअर त्रिकोणांचा पृष्ठभाग तयार करतं, ठिगळांच्या गोधडीसारखा. कुठले तीन बिंदू जोडायचे याची रीत रशियन गणिती बोरिस डेलोने यांनी १९३४ मध्ये सांगितली. रीत अचूक आहे, पण ओढ्याच्या काठाची रेषा वेगळी दिली नसेल, तर ती अल्याडचा बिंदू पल्याडच्या बिंदूला जोडून मोकळी होते. पडद्यावर ओढ्यात बांध उभा राहतो आणि पाण्याचा सगळा हिशेब चुकतो. रेव्हिटमध्ये तर २०२४ च्या आवृत्तीपर्यंत जमिनीला जाडीच नव्हती, नुसता पृष्ठभाग होता. निरनिराळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलची देवघेव करण्यासाठी आयएफसी नावाचं खुलं मानक आहे. त्यातही वनस्पती हा प्रकार नावानिशी आला तो २०२४ मध्ये आयएसओची मोहर उमटलेल्या ४.३ आवृत्तीत. तोवर आर्किटेक्टच्या पडद्यावर आपला कडुनिंब ‘इतर वस्तू’ म्हणून उगवायचा!

नवख्या कार्यालयाला पहिला धक्का मात्र वेगळाच बसतो. मॉडेल उघडावं तर त्यातल्या कडा थरथरतात, पायऱ्या वाकड्या दिसतात. दोष असतो आकड्यांचा. सर्व्हेच्या नकाशात उत्तरेकडचं अंतर विषुववृत्तापासून मोजलेलं असतं, पुण्यासाठी ते २० लाख मीटरच्या वर जातं. ग्राफिक्स कार्ड सहसा ३२ बिटांच्या संख्या वापरतं आणि अशा संख्येत जेमतेम सात अंक विश्वासाचे. २० लाखांच्या घरात दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतर साडेबारा सेंटिमीटर होतं. १५ सेंटिमीटरची पायरी त्यात कशी मावणार? उपाय सोपा आहे. प्लॉटच्या एका कोपऱ्याला शून्य धरायचं, खऱ्या जगातला त्याचा पत्ता एकदाच नोंदवायचा, आणि पहिल्याच बैठकीत आर्किटेक्टपासून प्लंबिंगवाल्यापर्यंत सगळ्यांनी तोच बिंदू मान्य करायचा. ही बैठक टाळणाऱ्यांनी बिमच्या नादाला लागू नये.

फायदा कुठे आहे? माझ्या मते सगळ्यात आधी मातीकामात. एकरभर जागेची पातळी फक्त १० सेंटिमीटरनं उचलायची, तर सुमारे ४०५ घनमीटर भराव लागतो, म्हणजे १४३ ब्रास. अमेरिकेत आणि हंगेरीत जन्मलेल्या सॉफ्टवेअरला ब्रास ठाऊक नाही, घनमीटरला २.८३ नं भागणारा एक रकाना आपण जोडायचा. मात्र मॉडेल सांगतं ते जागेवरच्या घट्ट मातीचं घनफळ. खणलेला मुरूम फुगतो आणि डंपर भरतात ते फुगलेल्या मापानं. कंत्राटदाराशी होणारी निम्मी भांडणं या फरकातून होतात. म्हणून फुगवट्याचा गुणकही रकान्यात लिहून ठेवावा.

दुसरा फायदा झाडांच्या नोंदीत. मॉडेलमधल्या झाडाला नाव, घेर, उंची, आजचा पसारा, वाढल्यानंतरचा पसारा, मातीची खोली असं सगळं जोडता येतं. पोडियमवर लावलेल्या झाडाचा पंधरा वर्षांनंतरचा पसारा पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत शिरतो का, हे आधीच पाहता येतं. जुनी झाडं असतील तर वयाचा रकाना हवाच. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. ५० वर्षांवरचं झाड आता ‘हेरिटेज’ ठरतं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची तरतूद आहे. अशा वेळी पायवाट दोन मीटर सरकवणं किती स्वस्त पडतं, ते मॉडेल लगेच दाखवतं.

छोट्या कार्यालयानं सगळे प्रकल्प एकदम नव्या तंत्रावर आणू नयेत. जिथे आर्किटेक्ट आधीपासून बिममध्ये काम करतो, असा एक मध्यम प्रकल्प निवडावा. समोरचा बिममध्ये नसेल तर देवघेव कुणाशी करणार? पहिल्या प्रकल्पात वेळ जास्तच जातो, तो फी ठरवताना धरावा. पान न् पान असलेली देखणी झाडं मॉडेलमध्ये घालायचा मोह आवरावा, त्यांनी फाइल गुदमरते. मॉडेलमध्ये साधं खोड आणि साधा घुमट पुरतो, देखावा ग्राहकाला दाखवायच्या चित्रात करावा. सुरुवातीची कल्पना अजूनही पेन्सिलनंच काढावी. आणि माळ्याच्या हाती आयपॅड देण्यापेक्षा वाफ्याचा मोठ्या अक्षरातला प्रिंट द्यावा, तो चिखलातही चालतो. परवान्यांचा खर्च जड वाटत असेल तर शिकण्यासाठी फ्रीकॅड आणि ब्लेंडरवर चालणारं बोन्साय ही दोन्ही मोफत साधनं आहेत. इतरांची आयएफसी फाइल उघडून तपासायला ती पुरेशी आहेत.

आता एक सांगणं पोडियमवर बाग असलेल्या सोसायट्यांना. बिल्डरकडून ताबा घेताना लिफ्ट आणि पंपाची कागदपत्रं आपण मागतो, तशीच बागेची माहिती मागा: कुठल्या वाफ्यात माती किती खोल आहे, स्लॅब किती भार सोसतो, पाणीरोधक थर आणि निचऱ्याचे पाइप कुठून जातात. उद्या कमिटीनं हौसेनं एखादा वड लावायचं ठरवलं, किंवा खाली पार्किंगमध्ये पाणी ठिबकायला लागलं, तर हीच माहिती लागेल. मॉडेल असेल तर ते द्या म्हणावं, नसेल तर निदान नकाशा.