वाटेवर बाण नाही
सायबाच्या वाटेने : भाग ६

या आठवड्यात मुक्कामांबद्दल लिहिणार होतो: कुठे झोपायचं, कुठे जेवायचं. ते पुढे ढकलतो आहे, कारण धरमपेठेतल्या एका वाचकाचा प्रश्न डोक्यातून जात नाही. त्यांचा मुलगा स्पेनमध्ये सांतियागोची यात्रा चालून आला. ते विचारतात, ‘तिकडे दर वळणावर पिवळा बाण असतो म्हणे. तुमच्या बेळगाव–जुने गोवे वाटेवर काय असतं?’

काहीच नसतं. सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या, फेस्ताला (सणाला) लोक पायी जातात ती ही वाट. पण आधी त्या बाणाविषयी. तो मध्ययुगातला नाही. ओ सेब्रेइरो या डोंगरातल्या गावचे पाद्री एलियास वालिन्या यांनी 1984 च्या सुमारास आपल्या सिट्रोएन गाडीत रंगाचे डबे टाकले आणि झाडं, दगड, भिंती दिसतील तिथे बाण रंगवत सुटले. रस्त्याच्या कामातून उरलेला पिवळा रंग त्यांनी मिळवला होता, असं सांगतात. म्हणजे हजार वर्षं जुन्या वाटेच्या खुणा चाळीस वर्षांच्या! शिवाय तिथे यात्रेकरूचा पासपोर्ट असतो, त्यावर शिक्के घ्यायचे. किमान शंभर किलोमीटर पायी केल्याचं त्यावरून पटलं की प्रमाणपत्र मिळतं.

आपल्याकडे शिक्का मारणारं कोणी नाही. बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड, मग घाट उतरून मोले आणि फोंडा. सव्वाशे ते दीडशे किलोमीटरच्या दरम्यान, बहुतेक राष्ट्रीय महामार्गाच्या कडेकडेनं. पूर्वी 4अ म्हणायचे, आता 748. अंगावर येणारे ट्रक हीच खूण समजा. शेगावहून पंढरपूरला निघणाऱ्या पालखीचे मुक्काम विदर्भात पोराटोरांनाही माहीत असतात. इथे प्रत्येक गावची टोळी आपापली निघते आणि वाट ठाऊक असते ती गेल्या वर्षी चाललेल्यांना.

मग वाट टिकते कशावर? माझ्या मते तारखेवर. फेस्त 3 डिसेंबरला, नोवेना, म्हणजे त्याआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, 24 नोव्हेंबरपासून. नऊ दिवसांतला आपला दिवस ठरवायचा आणि उलटं मोजत निघायचा दिवस काढायचा. तिथीचा घोळ नाही, अधिक मासाची भानगड नाही. आपल्याकडे नागपुरात त्या सुमाराला हिवाळी अधिवेशनाचे मांडव पडत असतात. तिकडे खानापूर तालुक्यात भाताची कापणी बहुतेक उरकलेली असते, पाऊस गेलेला असतो आणि घाट कोरडा असतो. आषाढीची वारी पेरणीच्या हंगामात, ही कापणीनंतर. पायी चालण्याच्या दृष्टीनं संत फ्रान्सिस झेवियर यांनी 1552 साली देह ठेवला तो फार सोयीच्या दिवशी, असं म्हटलं तर सायबाचे भक्तही रागावणार नाहीत.

शेवटच्या दिवसाबद्दल मात्र थोडं थांबून बोललं पाहिजे. फोंडा सोडलं की फर्मागुडी, मग म्हार्दोळ आणि मंगेशीचे फाटे. तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणत जाणारी माणसं म्हाळसेच्या आणि मंगेशाच्या दारावरून जातात. मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा भक्तांनी हे देव जुवारी नदी ओलांडून पोर्तुगीज हद्दीबाहेर आणले. फोंडा त्यांच्या ताब्यात गेलं ते थेट 1763 साली. म्हणून या टापूत रस्त्यालगत खुरीस (क्रूस) कमी आणि देवळं जास्त. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, हवं, असं पत्र झेवियरनं 1546 साली पोर्तुगालच्या राजाला लिहिलं होतं. ते आलं 1560 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. यात्रेची गोड वर्णनं लिहिणारे हे पत्र हमखास गाळतात. मला ते गाळणं पटत नाही. चालणाऱ्यांपैकी कित्येकांना हा इतिहास तोंडपाठ असतो आणि तरी ते चालतात. भक्ती आणि इतिहास यांचा हिशोब एकाच वहीत मांडायची त्यांना गरज वाटत नाही. पुढे कुंडई, भोम, बाणस्तारीचा पूल, की तिसवाडी लागली. तिथून बों जेझूस बासिलिका तासा-दोन तासांवर.

तेव्हा धरमपेठेच्या वाचकांनी मुलाला सांगावं, की इथे बाण शोधू नकोस, माणसं शोध. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात खानापूर किंवा लोंढ्याच्या चर्चमध्ये जाऊन टोळी कधी निघते ते विचार. सामान न्यायला टेम्पो आहे का, हेही तेव्हाच विचारून घे. आणि अनमोडचा घाट एकट्यानं, अंधारात उतरू नकोस. मोलेचं अभयारण्य आहे ते, तिथल्या जनावरांना नोवेना माहीत नाही.